पाच छप्पन्नच्या आतलं पाणी

जालना जिल्ह्यात डोंगर चढायला जातो असं सांगितलं की ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, "जिल्ह्यात डोंगर हाय कुठं?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. कापसाला, सोयाबीनला आणि मोसंबीला मानवेल इतका हा जिल्हा सपाट आहे. पण राजूरच्या गणपतीवरून पुढे भोकरदन ओलांडून उत्तरेकडे गेलं की जमीन हळूहळू पाठ वर काढायला लागते. अजिंठ्याच्या रांगेचं शेपूट तिथं आमच्या हद्दीत शिरलं आहे. पुण्याकडच्या माणसाला दाखवलं तर तो त्याला टेकाड म्हणेल. म्हणू दे. गुडघ्यांना उंचीचे आकडे कळत नाहीत, ऑक्टोबरचं ऊन आणि पायाखालचे सुटे दगड बरोबर कळतात.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. त्यामुळे दोन सवयी जडल्या. एक, प्रत्येक गोष्टीची यादी करणं. दुसरी, भाषण चालू असताना दाराजवळ उभं राहणं. डोंगराची यादी माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. पाणी थंडीत दोन लिटर, ऑक्टोबरात तीन. पायाला मुरलेले जुने बूट. नवे बूट लग्नकार्यासाठी. लांब बाह्यांचा सुती शर्ट, कान झाकणारी टोपी, मीठ-साखरेची पुडी, शिट्टी, बॅटरी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. उजाडता उजाडता निघायचं, दुपारी बारानंतर चढायचं नाही आणि न चाललेल्या वाटेने उतरायचं नाही. शेवटी, किती वाजता परत येणार ते खाली कुणाला तरी सांगून जायचं आणि त्या वेळेला खरोखर परत यायचं. एवढं केलं की डोंगर बाकीचं सांभाळून घेतो. यात शौर्य काही नाही, म्हणून लोकांना ही यादी आवडत नाही.

माझा चालण्यातला सोबती म्हणजे जुन्या जालन्यातले एक कापड व्यापारी. सगळं शहर त्यांना शेठ म्हणतं, मीही म्हणतो. राजस्थानातून आलेलं जैन घराणं, तीन पिढ्या इथंच. बासष्ट वर्षांचे, बारीक, चिवट. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ते माझ्याबरोबर आले आणि डॉक्टर विसरले तरी हे येत राहिले. पहिल्या दिवशी यादी वाचून त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "सर, शिट्टी कशाला?" मी म्हटलं, "हरवल्यावर वाजवायला." ते म्हणाले, "तुम्ही बरोबर असताना हरवायचं?" तेव्हापासून आमचं जमलं.

शेठचा चातुर्मासाचा नियम असतो. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर. आणि दिवसा प्यायचं तेही गाळून उकळलेलंच. जैन स्थानकातून, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहातून, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांचं एक छापील कार्ड मिळतं, ते त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं. तीस वर्षांत नियम मोडला नाही. अडचण इतकीच की डोंगराचे चांगले दिवस आणि चातुर्मास एकाच वेळी येतात. त्यांच्या मुलाला बापाचं हे चालणं पहिल्यापासून पसंत नव्हतं. एकदा माझ्यासमोरच तो म्हणाला, "पप्पा, डोंगर काही धर्मात सांगितलेला न्हाई. तिथं नियम तुटला तर?" शेठ म्हणाले, "ज्या दिवशी डोंगरापायी नियम तुटेल, त्या दिवशी डोंगर बंद." हा माणूस दुकानात कापडाचा एक भाव सांगतो आणि त्यावर ठाम राहतो. त्यामुळे हे वाक्य मी हसण्यावारी नेलं नाही. ते निघताना तीन बाटल्या उकळलेलं पाणी घेतात की नाही, हे मी स्वतः मोजून बघत असे.

यंदा शहरात गिरिभ्रमणाचं एक मंडळ निघालं. मंडळाला आधी टी-शर्ट मिळाले, मग अध्यक्ष, मग बोधचिन्ह आणि सगळ्यात शेवटी डोंगर. तो आमचाच निघाला. मंडळाच्या पहिल्या मोहिमेला आम्ही दोघांनी वाट दाखवावी, असं अध्यक्ष घरी येऊन सांगून गेले. गडी पन्नाशीचा, भारदस्त, बोलायला गोड. मी नाही म्हणायला हवं होतं. पण "मार्गदर्शक" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला, आणि मीही माणूसच आहे.

ऑक्टोबरातला रविवार. डोंगराच्या पायथ्याच्या गावात एका शेतकऱ्याच्या घरी आम्ही नेहमी गाडी लावतो. मोसंबीची बाग आहे, नवरा-बायको दोघं कष्टाळू. शेठ आणि मी साडेसहाला त्यांच्या अंगणात उभे होतो आणि मंडळ साडेसहाला जालन्यात फोटो काढत होतं. सात, साडेसात, आठ. शेतकरी दात घासता घासता म्हणाला, "सर, लोकं येऊन राह्यले का वरात येऊन राह्यली?"

वरातच होती. मांडव नव्हता, पण ध्वनिक्षेपक होता. फीत होती. डोंगराला फीत कुठे बांधायची हा प्रश्न दोन बाभळींनी सोडवला. उद्घाटकांनी निसर्गावर भाषण केलं आणि ते धूळही न लागलेल्या चपलांनी परत गेले. माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शाल मी शेतकऱ्याच्या खाटेवर ठेवली. नारळ ठेवायला जाणार तेवढ्यात चला चला झालं, म्हणून तो पिशवीत पडला. सव्वानऊ वाजले होते. यादीतला एक नियम तिथंच मोडला होता आणि तो मोडताना माझ्या खांद्यावर शाल होती. दोष कुणाला द्यायचा हे मला तेव्हाही माहीत होतं.

चढण तशी सोपी. धारेवर पोचलं की दीड-दोन तास सपाट चालायचं, टोकाला एक मोठा कातळ आहे, तिथून दोन जिल्हे दिसतात. मंडळाला त्या कातळावर फलक धरून फोटो हवा होता. मी पुढे वाट दाखवत होतो आणि शेठ नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे. मागचा माणूस सुटू नये म्हणून आम्ही ही विभागणी वर्षानुवर्षं करत आलो होतो. दोन जणांत ती उत्तम चालते.

अडीच वाजता टोकाला पोचलो. फलक उलगडला. अध्यक्ष कुठेत? अध्यक्ष मागे. मी परत पाच-सातशे पावलं गेलो तर एका पळसाखाली घोळका. मधोमध अध्यक्ष बसलेले, चेहरा पांढरा, नवे बूट काढलेले. त्यांचं पाणी ज्या कार्यकर्त्याकडे होतं, तो ध्वनिक्षेपक परत द्यायला खालीच थांबला होता. ज्यांच्याकडे पाणी उरलं होतं ते माझ्याबरोबर पुढे टोकाला होते. शेजारी शेठ उकिडवे. त्यांची एक बाटली अध्यक्षांनी पिऊन संपवली होती. दुसरी एका उत्साही तरुणाने त्यांच्या डोक्यावर ओतली होती. गाळलेलं, पहाटे उकळून निवत ठेवलेलं पाणी अध्यक्षांच्या मानेवरून टी-शर्टवरच्या बोधचिन्हावर उतरत होतं. तिसरी बाटली शेठनी स्वतः सकाळपासून चढताना संपवली होती.

मी शेठना बाजूला घेतलं. "माझ्याकडे दोन बाटल्या होत्या. हाक का नाही मारली?"

"मारली. तुम्ही लई पुढं होते."

"मग शिट्टी!"

"सर, माणूस पडला होता. शिट्टी शोधू का पाणी देऊ?" मग रिकाम्या बाटल्या पिशवीत टाकत म्हणाले, "आमच्या दुकानापुढं तीन पिढ्यांची पाणपोई हाय. मागणाऱ्याला तुमचं नाव काय, तुम्ही पाणी कामून नाही आणलं, असं विचारायची आमच्याकडं पद्धत न्हाई."

चूक होती, पण ती माझी होती. मी माणसं मोजून पाणी मोजलं होतं. त्यात न मोजलेली माणसं धरली नव्हती. शिवाय शेठच्या पाण्याला पर्याय नाही हे माहीत असूनही ते सगळं त्यांच्याच पाठीवर ठेवून मी "मार्गदर्शक" होऊन पुढे गेलो होतो.

शेठनी कार्ड काढलं. त्या दिवसाचा सूर्यास्त पाच छप्पन्न. खाली पोचायचं, पाणी गाळायचं, उकळायचं, निववायचं आणि पाच छप्पन्नच्या आत प्यायचं. नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर चाललेला बासष्ट वर्षांचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोरडा राहणार. किंवा नियम मोडणार, आणि मग डोंगर कायमचा बंद. ते यांपैकी काय निवडतील याबद्दल मला शंका नव्हती, म्हणूनच काळजी वाटली.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर तोवर रंग आला होता. त्यांच्यापाशी धडधाकट दहा जण होते. माझी भरलेली बाटली त्यांना दिली, सावलीत अर्धा तास बसून आल्या वाटेने सावकाश उतरायला सांगितलं आणि तीन वाजता आम्ही दोघं निघालो. मंडळातला एक जण म्हणाला, "सर, ही घळ बघा, सरळ गावात जाते. तासात खाली." गुराखी तिथून उतरतात हे मलाही माहीत होतं. मी कधी उतरलो नव्हतो. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आल्या वाटेने." पुढे दोन तास मी त्या घळीचा विचार केला, पण वाट बदलली नाही. घाईत असताना पाळायचे नियम घाई नसताना केलेले असतात. त्यांचा उपयोगच तो.

धारेवर ऊन तिरपं झालं तरी दगड भाजत होते. माझ्याकडे अर्धी बाटली उरली होती, साधं पाणी. शेठना विचारलंही नाही; त्यांचा पंचा त्यात भिजवून डोक्याला गुंडाळला. नियम पिण्याचा होता, डोक्याचा नव्हता. म्हणजे अध्यक्षांच्या डोक्यावर उकळलेलं पाणी आणि शेठच्या डोक्यावर कच्चं.

"एक सांगून ठेवतो," मी म्हटलं, "तुम्हाला चक्कर आली तर मी विचारायला थांबणार नाही. तोंडात पाणी घालीन."

"बराबर हाय. पण चक्कर यायची न्हाई."

"कशावरून?"

"उपास करणारा माणूस हाय मी, सर. तुम्ही बारा वाजता दशमी न्हाई मिळाली तर कसं बोलता ते मला माहीत हाय."

पावणेचारला मला पिशवीतला नारळ आठवला. आनंदाने मी तो काढला. शेठ म्हणाले, नारळ चालेल. एका धारदार दगडावर तो फोडला, खाली वाटीसारखा हात धरला आणि काहीही पडलं नाही. आत पाण्याचा थेंब नव्हता. खोबरं वाळून करवंटीपासून सुटलं होतं. सत्काराचे नारळ एका सत्कारातून दुसऱ्या सत्कारात हिंडत असतात. हा बहुधा निवृत्तीला आला होता. शेठ हसायला लागले आणि ओठ चिरल्यामुळे थांबले. खोबऱ्याला त्यांनी हात लावला नाही. कोरड्या घशाखाली ते कुठलं उतरायला?

उतरणीवर एका वळणाला मोबाइलची रेंज येते. सव्वाचारला तिथून खाली फोन लावला. शेतकऱ्याच्या बायकोने उचलला. "वहिनी, पाचला पाणी उकळायला ठेवा. स्वच्छ गाळून. शेठला प्यायला पाहिजे, दिवस मावळायच्या आत."

"ठिवते की. तुमी दमानं या."

पुढचा तास शेठ पुढे होते. मी मागे चालत होतो, या वेळी मीच मागे. त्यांच्या पावलांकडे बघत होतो: पाय ओढताहेत का, दगडावर नीट पडताहेत का. पडत होते. एकदा त्यांच्या मांडीला गोळा आला, तेव्हा बसून पाय ताणून दिला आणि घड्याळाकडे न बघता चार मिनिटं घालवली. शेतकऱ्याच्या अंगणात पाय ठेवला तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि ऊन नव्हतं. गाव डोंगराच्या पूर्वेला आहे. सूर्य डोंगराआड जाऊन दहा मिनिटं झाली असावीत. शेतकरी म्हणाला, "दिवस तर मावळला की!" शेठनी खिशातलं कार्ड त्याच्यापुढे धरलं. "डोंगरानं झाकला, मावळला न्हाई. पाच छप्पन्न." छापील अक्षरावर माझा विश्वास पूर्वीपासूनच आहे, त्या दिवशी तो वाढला.

वहिनी ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रेमध्ये दोन मोठे कप वाफाळता चहा.

"पाणी?" मी विचारलं.

"सगळं उकळलं, गाळलं, आन त्याचाच च्या केला. पाव्हण्याला नुसतं गरम पानी पाजू का? लोकं काय म्हंतील?"

क्षणभर वाटलं, बरंच झालं. चहा म्हणजे उकळलेलं, गाळलेलं पाणीच की. शेठनी कप हातात घेतला, नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "वहिनी, आलं घातलंय का?"

"मंग! चांगलं ठेचून घातलंय. दमून आलेत म्हून."

जमिनीखालचं शेठ खात नाहीत. कांदा नाही, बटाटा नाही, आलं नाही. हे वहिनींना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं. त्या बाईने आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं ते केलं होतं आणि आता तिचा चेहरा उतरला. शेठच तिला म्हणाले, "चूक तुमची न्हाई. माझा कप सरांना द्या, ते दोन्ही पितील." पाच पंचवीस.

शेठनी पिशवीतून गाळण्याचं फडकं काढलं. वहिनी पातेलं भरायला लागल्या. मी म्हटलं, "तांब्याभरच. जास्त ठेवलं तर वेळ जाईल." गॅस मोठा. शेठ उंबऱ्यातून बघत होते. "तीन उकळ्या येऊ द्या." पहिली आली, दुसरी आली. शेतकरी माझ्या कानाशी म्हणाला, "एकीनं न्हाई का भागत?" मी त्याला गप्प केलं. शंका काढणं हा माझा धंदा आहे, पण त्यालाही वेळ-काळ असतो. तिसरी आली. पाच पस्तीस.

आता उकळतं पाणी प्यायचं कसं? मी पंखा शोधत होतो. पण वहिनींना या वेळी काही सांगावं लागलं नाही. भिंतीला टेकवलेली भाकरीची मोठी परात त्यांनी उचलली, पुसली आणि त्यात सगळं पाणी ओतलं. तांब्याभर पाणी बोटाच्या पेरापेक्षा कमी खोलीचं होऊन परातभर पसरलं. शेठचे डोळे चमकले. "आमच्या घरी असंच निववतात! परातीतच!"

"मंग? दूध लेकराला जल्दी पाजायचं आसलं की काय करत्यात?" वहिनी म्हणाल्या. एका बाजूने त्या सुपाने वारा घालत होत्या, दुसऱ्या बाजूने शेतकरी वर्तमानपत्राने. त्यात सकाळच्या मोहिमेची आगाऊ बातमी छापून आली होती. बातमीचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

पाच बेचाळीसला शेठनी बोट बुडवलं. पाच पंचेचाळीसला परात तांब्यात रिकामी केली. अंगणात खाली बसून, घोट घोट घेत ते तांब्या प्याले. पाणी कोमट होतं, भाकरीच्या पिठाचा वास असणार. दुसरा तांब्या गॅसवर आधीच चढला होता, वहिनींनी न सांगता. त्याच्या तीन उकळ्या होऊन तो परातीत पडला तेव्हा पाच त्रेपन्न. सूप आणि वर्तमानपत्र जोरात हललं. पाच पंचावन्नला शेठनी परातच ओठाला लावली, चटका बसला तरी तीन-चार घोट घेतले, घड्याळ बघितलं आणि परात खाली ठेवली. अर्धं पाणी तसंच होतं.

"अजून मिनिट बाकी आहे," मी म्हटलं.

"मिनिटाचा लोभ नको," ते म्हणाले. हात जोडले, डोळे मिटले, पुटपुटून उद्या सूर्य वर येईपर्यंतचं पच्चक्खाण, म्हणजे अन्नपाणी सोडल्याचं व्रत, घेतलं. तोंडावर रंग परत आला होता. वहिनी म्हणाल्या, "बाई, बाई, एवढ्यानं भागलं का?" शेठ म्हणाले, "लई झालं."

अंधारायच्या आधी मंडळही खाली आलं. अध्यक्ष स्वतःच्या पायांनी. त्यांनी शेठचे हात धरले, आणि पुढच्या महिन्यात त्यांचा सत्कार ठेवू असं म्हणाले. शेठनी माझ्याकडे बघून विचारलं, "नारळ तोच का?"

जालन्याला परतताना त्यांनी काही मागितलं नाही, मीही गाडीत पाणी प्यालो नाही. घरी पोचल्यावर चार ग्लास लागोपाठ प्यालो. मैत्रीला मर्यादा असतात. त्यांना दारात सोडलं तेव्हा मुलगा बाहेरच उभा होता. पहिला प्रश्न, "पप्पा, नियम?"

"पाळला."

"पाणी पुरलं?"

खोटं शेठना जमत नाही. "मला पुरलं न्हाई. पण दुसऱ्याला पुरलं." मुलाने माझ्याकडे पाहिलं. ओरडेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "काका, पुढच्या वेळी किती उकळून देऊ?"

रात्री कपाट उघडून मी यादी दुरुस्त केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "शेठचं पाणी: तीन बाटल्या शेठसाठी, तीन मागणाऱ्यासाठी. त्यातल्या दोन माझ्या पिशवीत." त्याखाली: "मागचा माणूस दिसेल इतकंच पुढे जाणे." आणि मग, बराच विचार करून, "सत्कार घ्यायचाच असला तर उतरल्यावर."

पुढचा रविवार आम्ही दोघंच गेलो. साडेसहाला चढायला लागलो. पायथ्याशी वहिनींनी चहा दिला, माझा आल्याचा, शेठचा बिनआल्याचा. शेठनी तो घेतला नाही, त्यांची वेळ अजून व्हायची होती. पण परतीसाठी वहिनींनी अंगणात परात घासून पालथी घालून ठेवलेली शेठना दिसली. तिची गरज पडली नाही. चारला आम्ही खाली होतो, आणि मागणाऱ्याच्या तिन्ही बाटल्या, शेठच्या पिशवीतली एक आणि माझ्या पिशवीतल्या दोन, भरलेल्या, कुणी मागितलं नाही म्हणून थोड्या हिरमुसल्यासारख्या.